घास भरवण्याची घाई

पक्षाघाताचा रुग्ण रुग्णालयातून घरी आला, की सारे घर त्याच्याभोवती गोळा होते. कोणी पाय चेपते, कोणी उशी सारखी करते, सून मऊ भात कालवून आणते आणि मुलगा तो घासाघासाने भरवतो. या मायेत खोट काढावी असे कोणाच्या मनात येणार नाही. तरीही, वाचकहो, रुग्णाच्या सुधारणेला खीळ बसते ती पुष्कळदा याच मायेपोटी.

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटून ज्या पेशी मरतात, त्या पुन्हा जिवंत होत नाहीत. मात्र मेंदूचे उरलेले भाग त्यांचे काम काही अंशी शिकून घेऊ शकतात. हे शिकणे हालचालींच्या पुनरावृत्तीने होते आणि त्याचा वेग साधारणपणे पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असतो. पुढे तो मंदावतो, पण थांबतोच असे नाही. या मोलाच्या काळात रुग्णाने दुबळा हात उचलू पाहिला, तो उचलला गेला नाही आणि कोणीतरी तत्परतेने काम उरकून दिले, असे दिवसातून अनेकदा घडले, तर मेंदू भलताच धडा गिरवतो : हा हात वापरायचा नसतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी या ‘शिकलेल्या अनुपयोगा’चा दीर्घकाळ अभ्यास केला. त्यातून निघालेल्या उपचारात चांगल्या हातावर जाड मोजा चढवतात आणि दुबळ्या हाताकडून कामे करून घेतात. २००६ साली अमेरिकेत २२२ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन आठवडे हा उपचार घेतलेल्यांचा हात इतरांपेक्षा अधिक सुधारला होता आणि वर्षभरानंतरही ती सुधारणा टिकून होती. ज्यांचे मनगट आणि बोटे थोडी तरी हलतात, त्यांच्यासाठीच हा उपचार आहे आणि तोही तज्ज्ञांच्या देखरेखीखाली. घरी चांगला हात बांधून ठेवण्याचा प्रयोग कृपया करू नये. तोल गेला तर सावरायला तोच हात असतो.

घरी करायचे ते साधे आहे. ताटाखाली ओला रुमाल अंथरावा, म्हणजे ताट सरकत नाही. ताट उंच काठाचे असावे. उजवा हात गेला असेल, तर आपल्याकडे आणखी एक अडचण येते. जन्मभर डाव्या हाताने न जेवण्याचा संस्कार झालेल्या माणसाला चारचौघांत डावा हात ताटात घालताना मेल्याहून मेल्यासारखे होते. अशा वेळी चमचा डाव्या हाती द्यावा आणि उजवा हात ताटाच्या काठावर टेकवून ठेवण्यास सांगावे. धरणे हेही कामच आहे. आमटी सांडेल, जेवणाला पाऊण तास लागेल. सांडू द्यावी.

एक सावधगिरी मात्र हवीच. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा गिळल्यानंतर आवाज ओलसर, घोगरा येत असेल, तर तोंडाने देणे थांबवून आधी डॉक्टरांना विचारावे. अन्नपाणी श्वासनलिकेत गेले, तर न्यूमोनियाचा धोका असतो. रुग्णाला नेहमी ताठ बसवूनच जेवू घालावे.

मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली असेल, तर काहींच्या बाबतीत विचित्र गोष्ट घडते. डोळे धड असूनही डावीकडचे जग त्यांच्या ध्यानातच येत नाही. ताटाची डावी बाजू, म्हणजे चटणी, कोशिंबीर, लोणचे, जशीच्या तशी राहते आणि घरचे समजतात, यांना आता हे आवडेनासे झाले. पदार्थ उजवीकडे सरकवण्याआधी ‘डावीकडे पाहा’ अशी आठवण करून द्यावी.

मदत जिथे खरोखर हवी, तिथे ती योग्य रीतीने हवी. दुबळा हात ओढून किंवा काखेत हात घालून कधीही उठवू नये. सैल पडलेला खांदा सांध्यातून घसरतो आणि मग महिनोन्‌महिने ठणकतो. सदरा घालताना दुबळा हात आधी, काढताना तो शेवटी. जिना चढताना चांगला पाय पुढे, उतरताना दुबळा. काठी चांगल्या हातात. रबरी चेंडू दाबण्याचा सल्ला शेजारीपाजारी हमखास देतात. बोटे आखडत असतील, तर फिजिओथेरपिस्टला विचारल्याविना तो मानू नये. तेलाच्या मालिशने बरे वाटते हे खरे, पण त्या वेळी कष्ट मालिश करणारा घेत असतो. त्यापेक्षा शेंगा सोलणे, वाती वळणे, रुमालांच्या घड्या घालणे यांचा उपयोग अधिक. पहिल्या दिवशी चारच शेंगा सोलून होतील.

वाचा गेलेल्या माणसाशी मोठ्याने बोलून उपयोग नसतो. त्याला ऐकू येत असते. ‘हो’ किंवा ‘नाही’ने उत्तर देता येईल असे विचारावे आणि थांबावे. त्याचे वाक्य आपण पुरे करू नये, त्याच्यादेखत त्याच्याविषयी परक्यासारखे बोलू नये. पक्षाघातानंतर साधारण तीनांपैकी एका रुग्णाला नैराश्य येते. व्यायामाचा कंटाळा हा दर वेळी आळस नसतो. डॉक्टरांच्या कानावर घालावे, त्यावर उपचार आहेत. माणूस चालू लागला म्हणून रक्तदाबाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत, हेही सांगून ठेवतो.

शुश्रूषा करणाऱ्यानेही आठवड्यातून काही तास घराबाहेर पडावे. बहुतेक घरांत हा भार एकाच बाईवर असतो आणि तिला कोणी विचारत नाही. भावंडांनी वार वाटून घ्यावेत.

आपण स्वतःच रुग्ण असून हे वाचत असाल, तर घरच्यांना निःसंकोच सांगावे, ‘थांबा, मला करू द्या.’ रात्री शौचालयाला जाताना मात्र हाक मारण्यात कमीपणा मानू नये. आवाज फुटत नसेल, तर देवघरातील घंटा चांगल्या हाताशी, उशापाशी ठेवून घ्यावी.