दक्षिणेचा मंद वारा

फेब्रुवारी २०२२. चिखली तालुक्यातल्या एका घरी बुधवारची प्रार्थनासभा होती. समोरच्या खोलीत सोयाबीनचे कट्टे छातीइतक्या उंचीपर्यंत रचलेले. खाट ओसरीत गेली होती, टीव्ही कट्ट्यांवर ठेवला होता, आणि आम्ही दहा-बारा माणसं त्या थप्पीला पाठ टेकून चटईवर बसलो होतो. खोलीभर सोयाबीनचा कोरडा, धुळकट वास होता. गाणी झाली, वचन वाचून झालं. विनंत्या सांगायची वेळ आली तेव्हा घरधनी म्हणाला, "भावासाठी प्रार्थना करा." सख्ख्या भावासाठी असेल असं क्षणभर वाटलं. त्याला बाजारभाव म्हणायचं होतं.

आदल्या वर्षी, २०२१च्या जुलै-ऑगस्टमध्ये, सोयाबीन विदर्भातल्या बाजार समित्यांत क्विंटलला दहा हजारांच्या पार गेलं होतं. २०२१च्या खरिपाचा हमीभाव ३,९५० रुपये होता, म्हणजे अडीचपटीहून जास्त. मग ऑगस्टमध्ये केंद्राने सोयापेंड आयातीला परवानगी दिली, आणि नवा माल यायच्या सुमारास भाव कोसळले. फेब्रुवारीत ते सातेक हजारांपर्यंत सावरले. सात हजार म्हणजे वाईट भाव नव्हे. पण ज्याने दहा हजार ऐकलेत त्याला सात हजार हा तोटाच वाटतो. "दहा गेलं होतं, पुन्हा जाईल," असं तो म्हणाला. कोणी काही बोललं नाही. मीही बोललो नाही. डोळे मिटून प्रार्थना केली आणि "आमेन" म्हणालो.

पुढच्या वर्षी तेच कट्टे पाच हजारांच्या आसपास गेले. वजनात घट आली ती वेगळी. पीककर्जाचं नवं-जुनं करायला हातउसने घ्यावे लागले, आणि हातउसने फेडायला शेवटी सोनं मोडावं लागलं. त्या घरावर जे वादळ आलं त्याची सुरुवात त्या खोलीत झाली, एका चांगल्या संध्याकाळी, आमच्या आमेनसह. तेव्हापासून प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय मला वेगळा दिसतो.

तो अध्याय आपल्या मंडळ्यांत नेहमी वादळापासून सांगितला जातो. वादळ, देवदूत, जहाज फुटलं, सगळे वाचले, हालेलुया. मला मात्र वादळाच्या आधीच्या काही ओळींपाशी थांबायचं आहे. पौल कैदी आहे, युल्य नावाच्या शताधिपतीच्या ताब्यात रोमला चालला आहे. जहाज आलेक्सांद्रियाचं, पोटात गहू. क्रेत बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर सुंदर बंदर नावाची जागा आहे, तिथे ते थांबले आहेत. प्रायश्चित्ताचा उपास होऊन गेला आहे, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर उलटतो आहे. त्यानंतर भूमध्य समुद्रात जहाज हाकणं धोक्याचं, हे तिथल्या प्रत्येक खलाशाला ठाऊक होतं. पौल सांगतो, आता निघालात तर मालाची, जहाजाची आणि जिवांचीही हानी होईल.

या इशाऱ्यात कुठेही दर्शन नाही, स्वप्न नाही, देवदूत नाही. देवदूत पुढे येतो, कित्येक दिवस सूर्य-तारे दिसले नाहीत आणि सगळ्यांनी आशा सोडली तेव्हा. बंदरावरचा इशारा साधा आहे. पौलाने दिनदर्शिका पाहिली होती आणि समुद्र पाहिला होता. याआधी तीनदा आपलं जहाज फुटल्याचं तो करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सांगतो. तीनदा बुडालेला माणूस चौथ्यांदा सांगतो आहे, थांबा. देव माणसाशी बोलतो तो अनेकदा असा, तारखेतून, अनुभवातून, हिशेबातून. आपण मात्र आकाशवाणीची वाट पाहतो, आणि ती झाली नाही की देवाची हरकत नाही असं धरून चालतो.

युल्याने पौलाचं ऐकलं नाही. त्याने ऐकलं तांडेलाचं आणि जहाजाच्या मालकाचं. माझ्या मते सगळ्या अध्यायाची किल्ली इथे आहे. मालकाचा गहू होता. तो रोमच्या बाजारात लवकर पोचण्यात त्याचा फायदा होता. सल्ला देणाऱ्याचाच माल पोटात होता. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात कास्तकाराला कोणतं बियाणं घ्यावं, कोणती फवारणी करावी हे कोण सांगतं? बहुतेक वेळा ज्याच्या दुकानात ते उधारीवर मिळतं तोच. ट्रॅक्टर परवडेल की नाही याचा हिशेब कोण मांडून देतो? शोरूमचा माणूस. लग्न किती मोठं व्हावं हे कोण सुचवतं? मंडपवाला, केटरर आणि ज्यांना जेवायचं आहे ते पाहुणे. यातला कोणी लबाड असेलच असं नाही. युल्याचा जहाजमालकही लबाड होता असं शास्त्र म्हणत नाही. प्रश्न एवढाच, सल्ला ज्याच्याकडून घेतला त्याचं पोट कशावर भरतं?

त्यात बंदर हिवाळा काढायला गैरसोयीचं होतं. फेनिके नावाचं बरं बंदर एका दिवसाच्या अंतरावर. बहुतेकांचं मत पडलं, निघू या. आणि तेवढ्यात दक्षिणेचा मंद वारा सुटला. हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने ही बारीक गोष्ट नोंदवून ठेवली आहे. त्यांना वाटलं, आपला बेत साधला. नांगर उचलला. मग युरकुलोन आलं, आणि एका दिवसाच्या प्रवासाचे चौदा दिवस झाले.

वाईट निर्णय वादळात होत नाहीत. वादळात माणूस हाताला येईल ते धरतो, त्याला निर्णय म्हणायचं तरी कसं? निर्णय होतो तो वारा मंद असताना, भाव वर असताना, मुलीला चांगलं स्थळ आलेलं असताना, चार माणसं पाठीवर हात ठेवून "होऊन जाईल हो" म्हणत असताना.

आपल्या वऱ्हाडाने हा मंद वारा फार पूर्वी अनुभवला आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, तिथला कापूस इंग्लंडला मिळेना. खामगावच्या बाजारात कापसाला सोन्याचे दिवस आले. गाड्यांच्या रांगा लागल्या, दागिने घडले, आणि सावकारानेही हात मोकळा सोडला, कारण पिकाला भाव होता. युद्ध संपलं, भाव उतरले, कर्ज मात्र उतरलं नाही. पुणे-नगरकडे त्या कर्जाचा स्फोट १८७५मध्ये झाला, शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. इकडे १८७०मध्ये जलंब-खामगाव रेल्वे सुरू झाली, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आला. कापूस मुंबईला पोचायला आणखी सोपा झाला. शतक सरता सरता १८९६-९७चा आणि मग १८९९-१९००चा दुष्काळ पडला तेव्हा ज्याची जमीन गहाण होती त्याच्या घरात दाणा नव्हता. खामगाव, मलकापूर, बुलढाणा इथे अलायन्स या ख्रिस्ती मिशनचं काम त्याच काळातलं. आपल्यापैकी किती घराण्यांचा ख्रिस्ताशी पहिला संबंध दुष्काळातल्या भाकरीतून आला, हे जुन्या माणसांना विचारा. आपण वादळातून वाचलेल्यांची नातवंडं-पतवंडं आहोत, आणि तरी मंद वारा सुटला की नांगर उचलतो.

विश्वासणाऱ्यांची यात आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे बोलायची एक पद्धत पडली आहे, "प्रभूने दार उघडलं." कर्ज मंजूर झालं, दार उघडलं. शहरात प्लॉट हप्त्यांवर मिळाला, दार उघडलं. योनाचं पुस्तक काढून पहा. देवाने त्याला निनवेला जायला सांगितलं, आणि तो उलट दिशेला, तार्शीशला जायला निघाला. यापोच्या बंदरात उतरला तर तार्शीशचं जहाज उभंच. जागा होती, भाडं भरायला पैसेही होते. दार सताड उघडं होतं. ते वादळाचं दार होतं.

मीही असं एक दार ओलांडलं आहे. वीसेक वर्षांपूर्वी मंडळीतल्याच एका भावाला एका पतसंस्थेतून कर्ज हवं होतं. त्याने जामीन राहायची विनंती केली. अर्जावर जिथे सही करायची तिथे पेन्सिलने फुल्या मारून ठेवल्या होत्या. मी फुल्या पाहिल्या, मजकूर पाहिला नाही. भावाला नाही कसं म्हणायचं, उद्या एकाच मेजावरून प्रभुभोजन घ्यायचं. नीतिसूत्रांच्या सहाव्या अध्यायात जामीन राहणाऱ्याला स्पष्ट सांगितलं आहे की झोपू नकोस, आधी जाऊन स्वतःला सोडवून घे. तो अध्याय मी तरुण संघाला शिकवला होता. पगारातून सहा वर्षं कपात झाली. बायकोने त्या सहा वर्षांत एकदाही मला ती गोष्ट ऐकवली नाही, आणि हे मला कपातीपेक्षा जास्त लागलं. तो भाऊ आजही भेटतो, आम्ही सलाम करतो. त्या दिवशी दोघांनाही खरं बोलायचं धैर्य झालं नाही.

एवढं लिहिल्यावर आता एका गोष्टीसाठी मला आवाज चढवू द्या. आपल्याकडे काही व्यासपीठांवरून असं ऐकायला मिळतं की ज्याच्या घरी संकट त्याच्या घरी पाप, वादळ आलं म्हणजे निर्णय चुकला. हे खोटं आहे. गालीलच्या समुद्रात शिष्य वादळात सापडले ते येशूने "पलीकडे जाऊ" म्हटलं म्हणून. आज्ञा पाळली आणि वादळ आलं. जुलै २०२३मध्ये जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांत एका रात्रीत पाऊस कोसळला, पुराने शेतं खरडून गेली, माती वाहून दगड उरले. त्यात कोणाचा निर्णय चुकला होता? २०१७ला बोंडअळीने कपाशी पोखरली, कीटकनाशकावर पैसे घालणाऱ्याचीही आणि न घालणाऱ्याचीही. सोयाबीनचा हमीभाव २०२४-२५साठी ४,८९२ रुपये जाहीर झाला आणि कास्तकाराला बाजारात चार हजाराच्या आसपास विकावं लागलं, तो निर्णय त्याचा नव्हता. सरकारने २००६मध्ये आत्महत्याग्रस्त म्हणून विशेष पॅकेज दिलेल्या सहा जिल्ह्यांत बुलढाणा होता. त्या यादीतल्या जिल्ह्यात राहून एखाद्या विधवेला तिच्या नवऱ्याचे चुकलेले निर्णय मोजून दाखवणारा पाळक कितीही वचनं पाठ म्हणो, त्याला ख्रिस्त कळलेला नाही.

शिवाय जे खरोखर आपल्या चुकीने वादळात सापडले त्यांच्याशी कसं वागायचं, हेही त्याच अध्यायात आहे. पौल एकदा म्हणतो, माझं ऐकायला हवं होतं. एकदाच. मग तो विषय सोडून देतो. खलाशी होडी उतरवून गुपचूप पळू पाहतात, तेव्हा तो शताधिपतीला सावध करतो, कारण हे गेले तर बाकीचे वाचणार नाहीत. पहाटेच्या सुमारास तो सगळ्यांना म्हणतो, चौदा दिवस तुम्ही काही खाल्लेलं नाही, खा. स्वतः भाकर घेतो, सगळ्यांदेखत उपकार मानतो, मोडतो, खायला लागतो. जहाजावर २७६ माणसं होती, लूकने आकडा दिला आहे. ज्यांनी त्याचं ऐकलं नव्हतं तेही त्या आकड्यात आहेत. जेवण झाल्यावर उरलेला गहू समुद्रात टाकला, तोच गहू ज्याच्यासाठी बंदर सोडलं होतं. जहाज फुटलं. माणसं मलिता बेटाला लागली, सगळीच्या सगळी.

म्हणून मंडळीची कामं मला दोन दिसतात. वादळात जहाज न सोडणं हे एक, आणि ते आपण बऱ्यापैकी करतो. दवाखान्यात जातो, डबा पोचवतो, मयतीला उभे राहतो. दुसरं काम बंदरावर बोलण्याचं, ते आपण करत नाही. माणूस दुखावेल, मंडळी सोडून जाईल, "तुम्हाला काय करायचं" म्हणेल, म्हणून आपण आमेन म्हणतो आणि घरी जातो. त्या फेब्रुवारीत मी एवढंच म्हणायला हवं होतं: "भाऊ, निम्मे विक, निम्मे ठेव." मला ते सुचलं होतं. अजून आठवतं, प्रार्थना चालू असताना सुचलं होतं.

आता मे चालू आहे. अक्षय्य तृतीया झाली. आपल्याच जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळची घटमांडणी झाली, पहाटे पीक-पावसाचं भाकीत ऐकायला शेतकरी जमले. मी त्या परंपरेतला नाही, पण तिथे उभ्या असलेल्या माणसाची तगमग मला कळते. पुढचं वर्ष कसं जाईल हे ज्याला विचारायला कोणी नाही तो कुठे जाईल? मृगाला काही आठवडे उरले आहेत. याच दिवसांत बियाण्याची उधारी होते, कर्जाचं नवं-जुनं होतं, साखरपुडे ठरतात, आणि सातबाऱ्यावर बोजा चढतो. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा अंदाज कोण घेत नाही, असं येशूने लोकांना विचारलं होतं. बसून, हा शब्द मला त्यात महत्त्वाचा वाटतो.

येत्या बुधवारची प्रार्थनासभा त्याच घरी आहे. घरधन्याने स्वतः बोलावलं आहे, आणि यावर्षी सही करायच्या आधी बोलावलं आहे. समोरची खोली आता मोकळी आहे, सगळ्यांना बसता येईल. पवित्र शास्त्र आणालच. हिशेबाच्या वह्याही घेऊन या.