शिक्का नको, अनुभव हवा!

नव्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानुसार महाराष्ट्रातील विद्यापीठांत २०२३-२४ पासून पदव्युत्तर अभ्यासक्रमांची नवी रचना लागू झाली. पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रीय प्रकल्प तीत आला. एम. ए., एम. कॉम. वा एम. एस्सी.च्या विद्यार्थ्याने कारखान्यात, बँकेत, ग्रामपंचायतीत वा संग्रहालयात प्रत्यक्ष काम करून शिकावे, हा त्यामागील हेतू. तो निःसंशय राष्ट्रहिताचा आहे. परंतु अनेक ठिकाणी त्याचे झाले काय? ओळखीच्या कार्यालयाचे पत्र, त्यावर शिक्का, घरी बसून भरलेला हजेरीचा तक्ता आणि एकमेकांवरून उतरवलेला अहवाल! धोरण बदलले, वृत्ती मात्र तीच राहिली.

तथाकथित पुरोगामी प्राध्यापकांचा आक्षेप याहून वेगळा आहे. त्यांच्या मते अशा प्रशिक्षणाने विद्यापीठे बाजारपेठेच्या दावणीला बांधली जातात. हा आक्षेप टिकणारा नाही. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात डॉ. हसमुख सांकलिया यांनी पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांना उत्खननाच्या मातीत उतरवले, ते कोणत्या बाजारपेठेसाठी? घोड नदीकाठच्या इनामगाव येथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन झाले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरे, त्यांची धान्यसाठवण, त्यांची दफने यांतून महाराष्ट्राच्या प्राचीन ग्रामजीवनाचे चित्र उभे राहिले. मातीचे थर वाचण्याची ती दृष्टी केवळ ग्रंथालयात बसून कोणाला लाभली असती?

अनुभवजन्य शिक्षण ही पाश्चात्त्यांची देणगी आहे, असे मानणाऱ्यांनी सुश्रुतसंहितेतील ‘योग्यासूत्रीय’ अध्याय अवश्य वाचावा. शल्यविद्येच्या विद्यार्थ्याने छेद घेण्याचा सराव आधी कोहळा, भोपळा, काकडी यांवर करावा, असा त्यात स्पष्ट निर्देश आहे. ज्याने हा सराव केला नाही, तो कितीही बहुश्रुत असला तरी शस्त्रकर्मास अपात्र! शास्त्र आणि कर्म यांची फारकत या भूमीला मान्य नव्हती. आजही वर्षभराच्या सक्तीच्या प्रशिक्षणाविना कोणी एम.बी.बी.एस. डॉक्टर होत नाही. मग दुष्काळी गावात एक दिवसही न राहिलेला अर्थशास्त्राचा पदव्युत्तर स्नातक ग्रामीण दारिद्र्यावर अधिकारवाणीने बोलतो, ते कसे चालते?

येथे मेकॉलेच्या नावाने बोटे मोडणे सोपे आहे. त्याचे टिपण १८३५ चे; मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ ची. कारकून घडविणारी चौकट परक्यांनी उभारली, हे खरे. पण स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षे उलटूनही ती कोण जपते आहे? आज खोट्या प्रशिक्षणपत्रावर स्वाक्षरी करणारा हात इंग्रजाचा नाही. तो येथल्याच उद्योजकाचा आहे, आणि ते पत्र मिळवून देणारा पालकही सुशिक्षित मध्यमवर्गीयच आहे! मुलाचे चार श्रेयांक वाचले म्हणून समाधान मानणारे हे घर त्याची शिकण्याची खरी संधी हिरावून घेते, आणि त्याला पहिला धडा देते तो असत्याचा.

मुंबईच्या आय.आय.टी.तील ग्रामीण तंत्रज्ञान केंद्राचे पदव्युत्तर विद्यार्थी काही आठवडे खेड्यात राहून तेथील पाणी, शेती व ऊर्जा यांचे प्रश्न अभ्यासतात. प्रत्येक महाविद्यालयाला आय.आय.टी.ची साधने लाभणार नाहीत; पण पंचक्रोशीतील गाव, सहकारी संस्था, लघुउद्योग आणि सेवाप्रकल्प सर्वांनाच उपलब्ध आहेत. तेथे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी विद्यार्थ्यांसाठी दारे उघडावीत, त्यांना झेपेल असे खरे काम द्यावे आणि काम झाल्याविना स्वाक्षरी देऊ नये. पालकांनीही असे पत्र मागू नये.

राष्ट्रपुनर्निर्माणाच्या घोषणा देणाऱ्या समाजाला एवढे व्रत पाळता आले नाही, तर दोष मेकॉलेच्या माथी मारता येणार नाही!