नवतप्याआधी गाड्यांची दारं लावा

गोंदियाकरांनो, नवतप्याच्या दुपारी उन्हात उभ्या मोटारीच्या दाराला हात लावून बघा. चटका बसतो. त्या दाराआड, काचा वर असताना, चार-पाच वर्षांचं लेकरू अडकलं तर?

नागपुरात हे घडलं आहे. १७ जून २०२३, शनिवार. खेळता खेळता तीन लेकरं नाहीशी झाली, चार ते सहा वर्षांची. शोधाशोध झाली आणि रविवारी ती घराजवळच उभ्या असलेल्या एसयूव्हीत मृतावस्थेत सापडली. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत अँटॉप हिलला एका उभ्या मोटारीत भाऊ-बहीण असेच गेले.

पडीक गाडी म्हणजे पोरांचं आवडतं खेळणं. स्टिअरिंग हातात आलं की झाले ड्रायव्हर! पण मागच्या दाराला चाइल्ड लॉक असेल तर ते आतून उघडत नाही. बॅटरी उतरलेली, म्हणून काच खाली होत नाही, हॉर्न वाजत नाही. मूल ओरडतं आणि घराघरांत कूलर घुमत असतात. लहान अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगानं तापतं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी १० तास बेवारस उभी असलेली गाडी पोलिसांना हटवता येते. मग महिनोन् महिने धूळ खात पडलेल्या गाड्या गल्लीत का राहाव्यात? चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे. बंद गाडीत एकटं सोडण्यावर मात्र या कायद्यात स्वतंत्र कलम नाही. इटलीनं २०१९ मध्ये चार वर्षांखालच्या मुलांसाठी गाडीत गजराचं उपकरण सक्तीचं केलं. आपल्या खासदारांकडे अशा कायद्याचा आग्रह धरू या.

पण संसदेची वाट बघत बसायला आपल्याला सवड नाही. नगर परिषद आणि वाहतूक पोलिसांनी एप्रिलमध्येच वॉर्डावॉर्डातल्या पडीक गाड्या हुडकून उचलाव्यात. तिरोड्यापासून देवरीपर्यंत प्रत्येक गावानं १ मेच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. गॅरेजवाल्या भाऊंनो, दुरुस्तीला आलेली प्रत्येक गाडी लॉक करा, किल्ली खिशात ठेवा.

आणि लेकरू दिसेनासं झालं, तर एकानं तलावाकडे धावावं, दुसऱ्यानं त्याच क्षणी गल्लीतली प्रत्येक गाडी बघावी, डिकीसकट. आत कोणी दिसलं तर किल्ली शोधत बसू नका. काच फोडा आणि ११२ ला फोन लावा.