तेलाची आयात आणि मतांची बेगमी

खनिज तेलावर जगणाऱ्या राज्यांत सत्ताधाऱ्यांना प्रजेकडे फारसा कर मागावा लागत नाही. विहिरींतला पैसा वाटला की निष्ठा पदरात पडते. मराठवाड्यात तशा विहिरी नाहीत. परंतु देश आपल्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक खाद्यतेल परदेशांतून आणतो आणि त्यावरील आयात शुल्काची कळ दिल्लीच्या हाती असते. ती कळ केव्हा फिरते, यावर नांदेड-लातूरच्या सोयाबीन उत्पादकाचे वर्ष ठरते.

२०२१ च्या पावसाळ्यात लातूरच्या आडतीत सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेले. ऑगस्टमध्ये केंद्राने बारा लाख टन सोयापेंड आयातीस मुभा दिली आणि नवा माल येईपर्यंत भाव जवळपास निम्म्यावर आला. क्विंटलभर सोयाबीनमधून तेल निघते जेमतेम अठरा किलो, बाकी बहुतांश पेंडच. म्हणजे तेल आणि पेंड या दोन्ही बाजूंनी शेतकऱ्याचा भाव दाबता येतो. शहरातल्या कढईची काळजी वाहण्याचा हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे, कारण त्याचे बिल सरकारी तिजोरीवर पडत नाही.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नांदेड आणि लातूर या दोन्ही जागा सत्ताधाऱ्यांच्या हातून गेल्या. त्यानंतरचा क्रम पाहावा. जुलैपासून लाडक्या बहिणीला दरमहा दीड हजार. सप्टेंबरच्या मध्यास कच्च्या खाद्यतेलावरील मूळ शुल्क शून्यावरून वीस टक्के. महिनाअखेर आदल्या हंगामाच्या सोयाबीन-कापसासाठी, दोन हेक्टरच्या मर्यादेत, हेक्टरी पाच हजार. आणि नोव्हेंबरच्या प्रचारसभांतून सहा हजार रुपये हमीभावाचे आश्वासन. त्याच दिवसांत बाजारात ४,८९२ च्या हमीभावाचा माल चार हजारांच्या आसपास विकला जात होता. खरेदी केंद्रे बारा टक्क्यांहून अधिक ओलाव्याचा माल परत पाठवीत होती. ती मर्यादा पंधरावर नेण्याची बुद्धी मतदान तोंडावर आल्यावर झाली.

हिशेब करून पाहू. क्विंटलमागे आठशे रुपये तुटले आणि घरात वीस क्विंटल माल झाला, तर सोळा हजार बुडाले. त्याच घरातील बाईच्या खात्यावर वर्षाला अठरा हजार जमा होतात. जे हक्काने मिळायचे ते गमावून तेवढेच ओवाळणी म्हणून घ्यायचे, असा हा व्यवहार आहे. त्यात शेतमजूर बाईला मात्र निव्वळ लाभच होतो. म्हणून या पैशाला खिरापत म्हणून हिणवणाऱ्या शहरी पंडितांशी समाजवाद्यांनी सूर मिळवू नये. मतदारही इतका भोळा नाही. नांदेड जिल्ह्याने विधानसभेच्या नऊही जागा सत्ताधाऱ्यांना दिल्या आणि त्याच दिवशी लोकसभेच्या पोटनिवडणुकीत, दीड हजारांहूनही कमी मतांनी का होईना, काँग्रेसचा उमेदवार निवडून दिला.

जे राष्ट्र हेच तेल विकते तिथेही रीत निराळी नाही. एप्रिल २०२२ मध्ये इंडोनेशियाने देशातील तेल स्वस्त व्हावे म्हणून पामतेलाची निर्यात रोखली आणि गरीब कुटुंबांना तेलखरेदीसाठी तीन लाख रुपिया रोख दिले. बागाईत फळांचा भाव कोसळला; लहान पाम उत्पादक मे महिन्यात जकार्तात रस्त्यावर उतरले, तेव्हा बंदी उठली. सुमात्रा आणि औसा यांच्यामध्ये समुद्र आहे, पण कढई एकच आहे.

महाराष्ट्राने एकेकाळी दुसरी वाट काढली होती. दुष्काळानंतर नोकरदार-व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसवून रोजगार हमीचा पैसा उभा केला गेला आणि १९७७ साली ती हमी कायद्यात उतरली. तिथे मजूर लाभार्थी नव्हता. काम मागणारा हक्कदार होता. हमीभावाची खरेदी तशीच कायद्याने बांधली जावी, तेलाच्या आयात शुल्काचे उत्पन्न त्या खरेदीसाठी राखून ठेवावे आणि शहरी गरिबाला स्वस्त तेल रेशनवर मिळावे, ही मागणी विधिमंडळात कोणत्या पक्षाने नेटाने लावून धरली?

२८ मे २०२५ रोजी केंद्राने सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये जाहीर केला. दोनच दिवसांनी, पेरणीच्या तोंडावर, कच्च्या तेलावरील मूळ शुल्क वीसवरून दहा टक्क्यांवर आणले.