संघाचे वळण

रणजी करंडकाचा हंगाम २०२४-२५ सालापासून दोन भागांत खेळला जाऊ लागला, तेव्हापासून क्रिकेटच्या भोक्त्यांस एक निराळाच काळ अनुभवास येत आहे. पूर्वार्ध कार्तिकाच्या सुमारास आटोपतो, उत्तरार्धास माघाची चाहूल लागावी लागते, आणि मधले दोन महिने झटपट सामन्यांच्या स्पर्धांकडे जातात. या अवधीत चार दिवसांच्या खेळाचा गुणतक्ता जसाच्या तसा टांगलेला राहतो. आमच्या वाशीम जिल्ह्यात हे दिवस कापसाच्या वेचणीचे आणि तुरीच्या शेंगा भरण्याचे. शेतकरी उभ्या तुरीकडे पाहून अंदाज बांधतो खरा, पण माल घरात येईपर्यंत आकडा बोलून दाखवीत नाही. क्रिकेटच्या भोक्त्यास मात्र एवढा धीर नसतो. तो तक्ता पाहून आजच संघास डोक्यावर घेतो किंवा मोडीत काढतो. अशा वेळी गुणांचा हिशेब क्षणभर बाजूस ठेवून, ज्या संघास आपण 'आपला' म्हणतो तो आपला कशाने झाला, याचा विचार करणे आम्हांस अधिक उपयोगाचे वाटते.

हा प्रश्न रिकामपणाचा नव्हे. विदर्भ संघाविषयी बोलणे निघाले की घराघरांत एक आक्षेप हमखास ऐकू येतो. 'यात विदर्भाचे ते काय? अर्धे खेळाडू परप्रांतांतून आणलेले. आपले होते ते दुसरीकडे निघून गेले. उसन्या माणसांच्या जिवावर मिळविलेल्या करंडकाचा अभिमान कसला?' असे एखादे काका तावातावाने म्हणतात, आणि पोरेसोरे त्यांच्याशी तितक्याच तावाने भांडतात. आक्षेप अगदीच टाकाऊ नाही. पण त्याचे उत्तर भांडणाने मिळणार नाही. ते जे घडले त्यातच शोधावे लागेल.

प्रथम वाशीमचाच अधिकार पाहू. आमचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. नागपूरच्या क्रीडांगणाशी त्याचे नाते काय, असे कोणी पुसेल. ज्यांस इतिहासाची आवड आहे ते सांगतील, की वाकाटकांच्या दोन शाखांपैकी एक नागपूरजवळच्या नंदिवर्धनास नांदली, तर दुसरी वत्सगुल्मास, म्हणजे आमच्या वाशीमास. ज्यांस इतक्या दूरच्या नात्याचे अगत्य नाही, त्यांनी समृद्धी महामार्ग पाहावा. तो कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव या तालुक्यांतून जातो, आणि नागपूर ते शिर्डी हा त्याचा भाग डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाल्यापासून जामठ्याचा सामना पाहून रात्री घरच्या अंथरुणावर पाठ टेकणे कारंजेकरांस कठीण राहिलेले नाही. शिवाय सलामीस येणारा अथर्व तायडे हा जन्माने अकोल्याचा, म्हणजे आमच्या जुन्या जिल्ह्याचाच.

आता संघाची कथा. विदर्भाने रणजी सामन्यांत पहिले पाऊल १९५७-५८ साली टाकले. पुढील साठ वर्षांत करंडक एकदाही हाती आला नाही. तो आला २०१७-१८ साली, कर्णधार फैज फझल व शिक्षक चंद्रकांत पंडित यांच्या कारकिर्दीत. त्या वर्षी कलकत्त्यास कर्नाटकाशी उपान्त्य सामना झाला. विदर्भाचा पहिला डाव १८५ धावांत संपला होता, आणि कर्नाटकाच्या करुण नायर याने एकट्याने १५३ धावा काढून सामना जवळजवळ हिरावून नेला होता. तरीही अखेरीस कर्नाटकास १९८ धावा हव्या असता तो संघ १९२ वर बाद झाला आणि विदर्भ अवघ्या पाच धावांनी तरला. स्थापत्यशास्त्राची पदवी घेतलेल्या रजनीश गुरबानी याने त्या सामन्यात बारा गडी टिपले. पुढे इंदुरास दिल्लीविरुद्ध अंतिम सामन्यात त्यानेच लागोपाठच्या तीन चेंडूंवर तीन बळी घेतले, आणि १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भ नऊ गडी राखून विजयी झाला. त्या सामन्यात दिल्लीकडून १४५ धावांचा चिवट डाव खेळणारा फलंदाज होता ध्रुव शोरी. नायर व शोरी ही दोन नावे वाचकांनी ध्यानात ठेवावीत.

दुसऱ्याच वर्षी, फेब्रुवारी २०१९ मध्ये, जामठ्यास सौराष्ट्राशी अंतिम सामना झाला. डावखुरा फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे याने दोन डावांत मिळून अकरा गडी बाद केले. चेतेश्वर पुजारासारख्या मातब्बर फलंदाजास दोन्ही वेळा त्यानेच परत पाठविले. विदर्भ ७८ धावांनी जिंकला. सरवटे हेही नाव ध्यानात असू द्यावे.

यानंतर काळ फिरला. २०२३-२४ सालापासून नायर आणि शोरी हे दोघेही विदर्भाकडून खेळू लागले. ज्यांनी आपल्याविरुद्ध शतके ठोकली, तेच आता आपल्या बाजूस उभे राहिले. उलट २०२४-२५ साली सरवटे केरळच्या संघात गेला. आणि योग असा, की त्याच वर्षी अंतिम सामना जामठ्यास विदर्भ व केरळ यांच्यातच व्हावा! ज्या मैदानावर सहा वर्षांपूर्वी त्याने विदर्भास करंडक मिळवून दिला, त्याच मैदानावर सरवटे याने विदर्भाविरुद्ध ७९ धावांची खेळी केली. विदर्भाच्या ३७९ धावांस उत्तर देताना केरळचा डाव ३४२ वर संपला. आघाडी केवळ ३७ धावांची. पण सामना अनिर्णित राहिल्याने तीच निर्णायक ठरली व २ मार्च २०२५ रोजी करंडक तिसऱ्यांदा विदर्भाकडे आला.

अशा उलटापालटीत 'आपला' कोण आणि 'परका' कोण? एकत्र कुटुंबात वाढलेल्या आमच्या वाचकांस हे कोडे इतरांपेक्षा लवकर सुटावे. आपल्या घरातील लेक दुसऱ्या घरी जाते व त्या घरची होते. दुसऱ्या घरची मुलगी सून होऊन येते आणि दहा वर्षांनी आपल्या घरची रीत आपल्यालाच शिकविते. गेलेल्या लेकीने सासरचा संसार नेटका केला म्हणून तिला कोणी कृतघ्न म्हणत नाही. माणसे येतात, जातात. घर टिकते ते घराच्या वळणाने. संघाचेही तसेच आहे. त्यातील नावे बदलतील. पाहावयाचे ते एवढेच, की आलेल्या माणसास वळण लागते की नाही, आणि गेलेल्याच्या जागी ते वळण दुसरा कोणी चालवितो की नाही. सरवटे गेला त्याच हंगामात हर्ष दुबे या दुसऱ्या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने ६९ बळी घेऊन रणजीच्या एका हंगामातील बळींचा नवा विक्रम केला. घराचे वळण शाबूत असल्याची याहून चांगली साक्ष कोणती?

हे वळण विजयात फारसे दिसत नाही; विजयात सर्वांचीच घरे नीटनेटकी दिसतात. आम्हांस ते प्रथम दिसले एका पराभवात. मार्च २०२४ मध्ये मुंबईशी अंतिम सामना होता. विदर्भाचा पहिला डाव अवघ्या १०५ धावांत कोसळला, आणि पुढे जिंकण्यासाठी ५३८ धावांचा डोंगर उभा राहिला. चौथ्या डावात इतक्या धावा काढण्याची आशा कोणीही शहाणा माणूस करणार नाही. तरीही नायरने ७४ धावा काढल्या. आणि शेवटच्या दिवशी कर्णधार अक्षय वाडकर व हर्ष दुबे यांनी उपाहारापर्यंत एकही गडी पडू दिला नाही. वाडकर १०२ धावा काढून बाद झाला, दुबे ६५ वर गेला, अखेरचे पाच गडी पंधरा धावांत पडले व सामना १६९ धावांनी गेला. पण ३६८ धावांचा तो डाव ज्यांनी पाहिला, त्यांस त्यात रडारड किंवा उतावीळपणा आढळला नाही. पुढील वर्षी नागपुरास उपान्त्य सामन्यात याच मुंबईस विदर्भाने ८० धावांनी हरविले, ते या पराभवात मिळविलेल्या भांडवलावर, असे आम्ही समजतो.

दुसरा प्रसंग केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यातील. तीन गडी अवघ्या २४ धावांत गेले असता एकवीस वर्षांचा दानिश मालेवार आणि तेहतीस वर्षांचा नायर यांनी २१५ धावांची भागी केली. मग दोघांच्या समजुतीत घोटाळा झाला आणि नायर ८६ धावांवर धावबाद झाला. अंतिम सामना, शतक तोंडाशी आलेले, आणि चूक दोघांच्या मधली! आपल्या घरांत याहून कितीतरी क्षुल्लक कारणावरून थोरले-धाकटे सहा सहा महिने अबोला धरतात. येथे काय झाले? मालेवारने खचून न जाता १५३ धावा काढल्या. दुसऱ्या डावात सात धावांत दोन गडी गेले, तेव्हा तेच दोघे पुन्हा एकत्र आले आणि त्यांनी १८२ धावांची भागी केली. त्यात नायरने १३५ धावा काढल्या. पहिल्या डावातील घोटाळ्याचे उट्टे कोणी कोणावर काढले नाही. पुढे २०२५-२६ साली नायर आपल्या मूळच्या कर्नाटकाकडे परत गेला. दोन वर्षांचा पाहुणा, पण घरच्यासारखा राहिला आणि घरच्यासारखाच गेला.

आलेल्याने घरचे व्हावे, तर घरानेही त्यास घरचे मानावे लागते. मुंबईचा ख्यातनाम फलंदाज वसीम जाफर विदर्भाकडे आला असता २०१६-१७ चा हंगाम दुखापतीमुळे खेळू शकला नाही. तरी विदर्भ क्रिकेट संघटनेने त्याचे ठरलेले मानधन चुकते केले. पुढच्या वर्षी तो एक पैसाही न घेता खेळला, आणि तेच करंडकाचे वर्ष ठरले. करारपत्रात असे कलम कोणी घालीत नाही. त्यास आपल्याकडे 'जाण' म्हणतात.

परप्रांतीयांविषयी कुरकुर करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट आठवावी. भारताचा पहिला कसोटी कर्णधार कर्नल सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ साली नागपुरास झाला. पण त्यांच्या कर्तृत्वाचा मोठा काळ इंदुरास गेला, आणि ज्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला त्याचे मोठेपण त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. मुंबईच्या ज्या मैदानावर २०२४ साली विदर्भ हरला, त्यास नाव आहे ते विदर्भाच्याच शेषराव वानखेडे यांचे. विदर्भाने इतरांस इतके दिले आहे, तर इतरांकडून काही घेताना त्याने खाली मान घालण्याचे कारण नाही.

येथवर संघाविषयी झाले. पण वळणाचा प्रश्न प्रेक्षकांसही सुटत नाही, आणि या मासिकातून त्यासंबंधी लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. दिवाणखान्यात किंवा माजघरात सामना चालू असतो, घरातील लहान मुले भोवती बसलेली असतात. झेल सुटला की वडीलधाऱ्यांच्या तोंडून काय शब्द निघतात? निर्णय विरुद्ध गेला की पंचाची बुद्धी आणि कुळी कशी काढली जाते? एखादा खेळाडू दुसऱ्या प्रांताकडून खेळू लागला की त्यास 'भाडोत्री' म्हणून कसे हिणविले जाते? मुलांस क्रिकेटचे नियम उशिरा कळतात. हे शब्द त्यांच्या कानी आधी पडतात. आज वाशीमच्या, रिसोडच्या, कारंज्याच्या पुष्कळ घरांतील मुले शिक्षणासाठी पुण्यास, बंगळुरास व त्याहूनही दूर गेली आहेत. काही परततील, काही तिकडचीच होतील. सरवट्याविषयी घरात जे बोलले जाते ते उद्या आपल्याविषयी बोलले जाईल, हे घरात बसलेल्या मुलास न सांगता समजते. आणि दुसऱ्या प्रांतातून किंवा दुसऱ्या भाषेतून घरात आलेली सूनही ते ऐकत असते, हे वडीलधाऱ्यांनी विसरू नये.

आमचे म्हणणे असे नव्हे, की चुकांस चूक म्हणू नये. वाडकरने झेप चुकविली तर ती चुकलीच. गोलंदाजाने आखूड टप्प्याचा मारा केला तर त्याचा समाचार खुशाल घ्यावा. तसे केले नाही तर सामना पाहण्यात रस तो काय! पण टीका खेळावर असावी, माणसाच्या मुळावर नसावी. आपल्याविरुद्ध ७९ धावा काढणाऱ्या जुन्या सवंगड्यास टाळी देता आली, तर आपण खेळ पाहावयास शिकलो असे म्हणता येईल.

हंगामाच्या मध्यावर जो अवकाश मिळतो तो यासाठी वापरावा, अशी आमची सूचना आहे. थोरल्यांनी मुलांस कलकत्त्याच्या पाच धावांच्या विजयाइतकीच मुंबईच्या १६९ धावांच्या पराभवाची हकीकत सांगावी. नायर आणि मालेवार यांची दुसऱ्या डावातील भागी सांगावी, आणि जमल्यास आपल्या घरातील एखादा जुना अबोलाही याच दिवसांत मिटवावा. तक्त्यातील गुणांची चिंता उत्तरार्धात करावयास पुष्कळ वेळ मिळेल.