सुदर्शनाचा कंद



मालवणातील आमच्या घराच्या गडग्याकडेला सुदर्शनाची झाडे आहेत. लांबरुंद हिरवी पाने, रात्री दरवळणारी पांढरी फुले. साप फिरकत नाही, या समजुतीने ती आजोबांनी लावली. मुरगळलेल्या पायावर एरंडेल लावून शेकलेले सुदर्शनाचे पान बांधण्याची रीतही जुनीच.

गेल्या वर्षी थोरल्या वहिनींना अल्झायमरचे निदान झाले. डॉक्टरांनी गॅलँटामिन लिहून दिले. हे द्रव्य सुदर्शनाच्या कुलातले, हे पुतण्याने कुठेसे वाचले. म्हणाला, "काका, दरमहा गोळ्या कशाला? कंद दारातच आहे. रस काढून खडीसाखरेतून देऊ." मी त्याला थांबवले.

सुदर्शन अमॅरिलिडेसी कुलातला. २००९ च्या वर्गीकरणाने कांदा-लसूणही याच कुलात आणले; पूर्वी त्यांची गणना लिलीच्या कुलात होई. मात्र त्यांचे उपकुल निराळे आणि रसायनही निराळे. कांदा-लसणाचा उग्रपणा गंधकयुक्त संयुगांचा. सुदर्शन आणि नरगिस यांच्या कंदांत अल्कलॉइड असतात. त्यांपैकी लायकोरिन पोटात गेले की मळमळ, उलट्या, जुलाब सुरू होतात. वांती करविण्यासाठी जुने वैद्य हा कंद वापरीत, ते यामुळेच.

गॅलँटामिन १९५० च्या दशकात सोव्हिएत संघात याच कुलातील स्नोड्रॉप या फुलझाडात सापडले. अमेरिकेत २००१ मध्ये त्याला अल्झायमरवरील औषध म्हणून मान्यता मिळाली. मेंदूतील अॅसिटिलकोलीन हे संदेशवाहक द्रव्य मोडणाऱ्या विकराला ते आवर घालते. आजार बरा होत नाही. लक्षणे काही काळ सौम्य राहतात. गोळीत ते शुद्ध आणि मिलिग्रॅममध्ये मोजलेले असते. कंदात औषध किती नि विष किती, याचा हिशेब कोण देणार? जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाला असा बेहिशेबी व्यवहार मान्य होणे नाही. पान बाहेरून बांधावे. कंद पोटात कधीही देऊ नये.

दादांची शंका वेगळी होती: कांद्याच्या कुलातले औषध व्रतस्थ बाईला चालेल का? मी म्हटले, आपला त्याग कंदाचा आहे, वनस्पतिशास्त्रातील कुलाचा नव्हे. शिवाय हे द्रव्य प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्याही तयार होते. तरीही मन साशंक असेल तर गुरूंना विचारावे. मात्र डॉक्टरांना न सांगता गोळी बंद करू नये. दादांनी दोन्ही केले. गोळी चालू आहे.

वहिनींना आता माझे नाव आठवत नाही. परवा ताट समोर येताच त्यांनी विचारले, "यात कांदा नाही ना?" दादा 'नाही' म्हणाले, तेव्हाच त्यांनी पहिला घास घेतला.