तयार सेट मागवू नका, मोटरचा जॅक घरी करा



मागे इथे मी रिमोटवर चालणाऱ्या माझ्या छोट्या एक्स्कॅव्हेटरचा (आपण ज्याला सरसकट 'जेसीबी' म्हणतो, तोच) फोटो टाकला होता. त्यावर एका जावईबापूंनी लिहिलं, "काका, हायड्रॉलिकचा तयार सेट मिळतो, मागवून टाका. या वयात खटपट कशाला?" बडोद्याच्या एका वहिनींनी विचारलं, नातवासाठी करताय का? वहिनी, नातवासाठी नाही, माझ्यासाठीच. जावईबापूंना मात्र सविस्तर उत्तर द्यायचं आहे, कारण त्यांचं म्हणणं मला अजिबात पटलेलं नाही.

यंत्राचा हात उचलणारी जी चकचकीत दांडी नळीतून आतबाहेर होते, ती खऱ्या यंत्रात तेलाच्या दाबाने सरकते. मॉडेलमध्ये तीच दांडी छोटी मोटर लावून आट्यांवर सरकवता येते. त्याला ॲक्च्युएटर म्हणतात. आमच्या उद्यमबागेतले लेथवाले मामा त्याला 'मोटरचा जॅक' म्हणतात आणि मला तेच नाव आवडतं. चाक बदलताना गाडीखाली स्क्रूचा जॅक लावतो ना, तेच तत्त्व. स्क्रू जागेवर फिरतो, नटाला फिरू द्यायचं नाही, मग नट पुढे सरकतो आणि दांडीला ढकलतो.

मी कॉमर्सवाला, तेव्हा आधी हिशेब मांडला. माझं मॉडेल १:१४ मापाचं. खऱ्या वीस टनी यंत्रात मुख्य हाताची दांडी साधारण सव्वा मीटर सरकते. १४ ने भागलं की ९० मिलिमीटर. ५ मिलिमीटर जाडीच्या साध्या आट्याच्या दांड्याला एका फेऱ्यात ०.८ मिलिमीटर चाल मिळते, म्हणजे ९० मिलिमीटरला ११२ फेरे. मिनिटाला १०० फेऱ्यांची गिअर मोटर लावली तर हात उचलायला मिनिटाच्या वर वेळ जाणार, बघणारा जांभई देईल. १००० फेऱ्यांची लावली तर सात सेकंदांच्या आत काम होतं, पण जोर कमी पडतो. बँकेत मुदत वाढवली की हप्ता हलका होतो, इथेही तसंच. वेळ जास्त द्या, लहान मोटर मोठं ओझं उचलेल. घाई केलीत तर मोटर मोठी घ्या.

हे गणित तयार सेट मागवणाऱ्याला कधी करावंच लागत नाही. माझी तक्रार इथूनच सुरू होते.

आता तेलाबद्दल. तेलाचं काम देखणं असतं, हे कबूल. हालचाल मऊ, जोर भरपूर, आणि बकेट दगडाला अडली तर जादा दाब व्हॉल्व्हमधून निघून जातो. पण पंप, व्हॉल्व्ह, नळ्या, रबरी रिंगा, सगळंच महाग, आणि एक रिंग गेली की दिवाणखान्यातल्या सतरंजीवर तेल. आमच्या सौ.नी त्याबाबतीत आपलं मत आधीच नोंदवून ठेवलं आहे. गंमत म्हणजे खऱ्या यंत्रांचे हायड्रॉलिक पंप आणि व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने आमच्या बेळगावातच आहेत, आणि खेळण्यासाठी आम्ही परदेशातून पार्सल मागवायचं!

आट्याचा आणखी एक गुण आहे. बारीक आटा निम्म्याहून अधिक जोर घर्षणातच खाऊन टाकतो. तोटा वाटतो खरा, पण त्याच घर्षणामुळे करंट बंद केला तरी हात वर जिथल्या तिथे राहतो, खाली घसरत नाही. थ्री-डी प्रिंटरमध्ये असतो तसला जास्त चालीचा स्क्रू वापरला तर वेग मिळतो, पण ओझ्याने तो उलटा फिरू शकतो.

करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. स्क्रूचा दाब सरळ मोटरच्या दांड्यावर येऊ देऊ नका. या बोटाएवढ्या मोटरी फिरण्यासाठी असतात, ढकलणं सोसण्यासाठी नाही. मध्ये थ्रस्ट बेअरिंग हवंच. दुसरं, दोन्ही टोकांना एकेक मायक्रोस्विच आणि प्रत्येकाला एकेक डायोड. टोक आलं की स्विच करंट तोडतो, आणि उलट दिशेचा करंट डायोडमधून जातो, म्हणून दांडी परत फिरते. डायोड नसला तर ती टोकाला जाऊन तिथेच मुक्काम ठोकते.

नट मी नायलॉनचा करणार होतो. मामा म्हणाले, "साहेब, पितळेचा करा की. झिजला तर नट झिजू दे, स्क्रू राहू दे." स्वस्त भागाने झीज सोसावी आणि महाग भाग वाचावा, ही घसाऱ्याची इतकी सोपी फोड मला कुठल्या पुस्तकात मिळाली नव्हती. नट त्यांनी दहा मिनिटांत कापला, भोक पाडलं, आटे पाडले. शेजारच्या मशीनवरचा पोरगा कन्नडमध्ये माप सांगत होता, मामा मराठीत उत्तर देत होते, कुणाचं काही अडलं नाही.

मामांनंतर ते लेथ कोण चालवणार, हे मामांनाही माहीत नाही. मुलगा पुण्यात, टेबलावरची नोकरी. आपल्या घरांतूनही हेच झालं. मास्तर, कारकून, बँक, मग सॉफ्टवेअर. हाताला तेल लागेल ते काम आपण 'त्यांचं' ठरवलं. आता नातवंडं इंजिनिअरिंगला जातात आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट तयार विकत आणतात, आईबापच पैसे देतात. सुट्टीतल्या रोबोटिक्सच्या क्लासलाही मोठी फी भरून डब्यातले तुकडे जोडायचे आणि डबा परत करायचा. माझा एक ॲक्च्युएटर मोटर, बेअरिंग, स्विच, पितळ धरून क्लासच्या फीपेक्षा पुष्कळ स्वस्तात होतो. दहावीतलं पोर सुट्टीत तो करू शकतं. पहिला बिघडेल, तिसरा चालेल.

माझ्या यंत्राचे मुख्य हाताचे दोन्ही झाले, मधल्या हाताचा झाला, बकेटचा राहिला आहे. बेळगावात कुणाचं पोर सुट्टीला येणार असेल तर रविवारी सकाळी पाठवा. नटासाठी मामांकडे चालत जाऊ. येताना जुने कपडे घालून यायला सांगा.